भाड्याच्या खोल्यांतले तत्त्वज्ञ

मंगळवार : ॲमस्टरडॅम

वेस्टरमार्क्ट चौकात सगळ्यांची तोंडं कालव्याकडे होती आणि आमची उलट्या बाजूला. रांग ॲन फ्रँकच्या घराची होती. आम्ही तिघं बघत होतो ते ६ क्रमांकाचं घर. १६३४ साली रने देकार्त इथे भाड्यानं राहत होता, तशी पाटी भिंतीवर आहे. आत जाता येत नाही. ताईनं फोटो काढला, दाजींनी खिडक्यांच्या काचा न्याहाळल्या आणि म्हणाले, "पुढे?"

दाजींचं सांगलीत चष्म्याचं दुकान. आता मुलगा बघतो, पण काचा हातानं घासायच्या काळात दाजींचे हात त्यातच गेले. त्यांची मुलगी, माझी भाची, आम्स्टेलवेनला असते. तिच्याकडे आलोच आहोत तर चार दिवस माझ्या तत्त्वज्ञांच्या मागे फिरू, असं मी सुचवलं तेव्हा दाजींनी अट घातली होती. "मला तत्त्वज्ञान शिकवायचं नाही. काचेचं काम दाखवणार असशील तर येतो."

दाखवणार होते. देकार्त, स्पिनोझा, लायब्निझ ही बुद्धिवादी त्रयी मी बी.ए.ला दहा मार्कांच्या उत्तरांसाठी पाठ केली होती. इंद्रियं फसवतात, खात्रीचं ज्ञान बुद्धीच देते, आणि भूमितीसारखं एका सिद्धान्तावरून दुसऱ्यावर जात जगाचा उलगडा करता येतो, असा एकूण मामला. आपल्याकडे बुद्धिवादी म्हटलं की आगरकर आठवतात. पण ते मिल आणि स्पेन्सर वाचून घडले, या त्रयीशी त्यांचं नातं लांबचं. पाठ्यपुस्तकात हे तिघे नुसत्या डोक्यांसारखे भेटतात. जेवले कुठे, झोपले कुठे, भाडं कोणाला दिलं, हे कुठेच नसतं. खरं तर तिघांनीही आपलं मोलाचं लेखन दुसऱ्याच्या छपराखाली केलं. ती छपरं बघायची होती.

देकार्त फ्रेंच. सैन्यातून, प्रवासातून फिरून १६२८च्या सुमारास हॉलंडमध्ये आला आणि वीसेक वर्षं इथेच राहिला, तेही सतत पत्ते बदलत. १६३१च्या एका पत्रात तो मित्राला सांगतो की या शहरात माझ्याखेरीज प्रत्येक जण व्यापारात गढलेला आहे, त्यामुळे जन्मभर राहिलो तरी कोणाच्या नजरेला पडणार नाही. गर्दीत एकांत सापडणं म्हणजे काय, हे मुंबईत दिवस काढलेल्याला सांगावं लागत नाही. एक हिवाळा तो इथल्या खाटकाकडे जवळपास रोज जात असे. जनावरांचे अवयव घरी आणून चिरून बघायचा. आणि याच वेस्टरमार्क्टच्या घरात मोलकरीण असलेल्या हेलेना यान्सपासून त्याला मुलगी झाली. 'शरीर वेगळं, मन वेगळं' म्हणणाऱ्या माणसाचं हे घर आहे, असं मी ताईला सांगितलं. तिनं घराकडे परत एकदा बघितलं, पण बोलली काही नाही.

दुपारी वॉटरलूप्लेनला. स्पिनोझा इथे १६३२च्या २४ नोव्हेंबरला जन्मला. ते घर आता नाही, आणि घरासमोरचा हाउटग्राख्त कालवाही नाही. तो १८८२ साली बुजवला, त्यावर आता जुना बाजार भरतो. जुने कोट, पितळी दिवे, कोणाच्या तरी आजोबांची पदकं. दाजींना तिथे एक तारेच्या काड्यांचा चष्मा सापडला. त्यांनी तो उजेडात धरला, नंबर अंदाजानं सांगितला आणि जागच्या जागी ठेवून दिला.

बाजाराच्या कडेला, कालव्याकाठी, २००८ साली उभारलेला स्पिनोझाचा पुतळा आहे. अंगातल्या लांब झग्यावर पक्षी बसवलेत. चिमण्या आहेत, आणि पोपट. "अगं, हे तर आपले कंठवाले राघू!" ताई म्हणाली. खरोखर तेच. पिंजऱ्यातून सुटलेले हे पोपट ॲमस्टरडॅमच्या बागांत स्थायिक झालेत, आणि बाहेरून येऊन इथले झालेल्यांची खूण म्हणून शिल्पकारानं ते निवडले. स्पिनोझाचे वाडवडीलही असेच आले होते. पोर्तुगालात सक्तीनं ख्रिस्ती झालेले ज्यू इथे येऊन पुन्हा उघडपणे ज्यू झाले. चौथऱ्यावर त्याचं वाक्य कोरलंय, राज्यसंस्थेचं उद्दिष्ट स्वातंत्र्य हे आहे.

ज्या समाजानं असा छळ भोगला त्यानंच २७ जुलै १६५६ला या तेवीस वर्षांच्या मुलाला वाळीत टाकलं. 'भयंकर मतं आणि कृत्यं' एवढंच कारण पोर्तुगीज भाषेतल्या त्या ठरावात आहे, मतं कोणती ते नाही. शाप मात्र सविस्तर आहेत. दिवसा शापित असो, रात्री शापित असो, झोपताना, उठताना. कोणी त्याच्याशी बोलू नये, पत्र लिहू नये, एका छपराखाली राहू नये, त्याच्या चार हात जवळ जाऊ नये, त्यानं लिहिलेलं काही वाचू नये. मी हे वाचून दाखवत होते तेव्हा दाजी मध्येच म्हणाले, "आमच्याकडं पाणी-विस्तव बंद म्हणायचे." गावकी आणि जातपंचायत यांच्या या हत्याराविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ साली कायदा करावा लागला, म्हणजे गोष्ट फार जुनी नाही. फरक असा की स्पिनोझानं ना माफी मागितली, ना परत घ्या म्हटलं. दुसऱ्या कोणत्या धर्मातही गेला नाही. १६५६ साली कुठल्याच समाजाचं नसलेलं माणूस म्हणजे काय, हे आज कल्पनेत आणणं अवघड आहे.

जवळच पोर्तुगीज सिनेगॉग आहे. प्रचंड, देखणं, आत अजूनही विजेचे दिवे नाहीत, मेणबत्त्या लावतात, आणि लाकडी फरशीवर बारीक वाळू पसरलेली. पण ते १६७५चं. ठराव वाचला गेला ते देऊळ वेगळं होतं. २०१५ साली बहिष्कार मागे घ्यावा का यावर इथे परिसंवाद झाला आणि समाजाच्या धर्मगुरूंनी नको म्हटलं. मला तो नकार प्रामाणिक वाटला. मेल्यावर साडेतीनशे वर्षांनी शाल-श्रीफळ देऊन काय करायचं होतं?

बुधवार : लेडन, एंडेगेस्ट, राइन्सबर्ग

लेडनला गाडीनं अर्ध्या-पाऊण तासात पोचलो. देकार्तचं बुद्धी नीट चालवायच्या 'पद्धती'वरचं पुस्तक १६३७ साली इथे छापलं गेलं. लेखकाचं नाव न घालता, आणि लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये. 'मी विचार करतो, म्हणून मी आहे' हे वाक्य जगानं पहिल्यांदा वाचलं ते त्यात. कॉलेजातल्या बाईंनी ते फळ्यावर लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. लेडनवर याहून जास्त लिहिण्यासारखं आमच्याकडून काही घडलं नाही. कालवे सुंदर, कॉफी महाग.

तिथून बसनं ऊख्स्टगेस्टला, एंडेगेस्टची गढी बाहेरून बघायला. १६४१ ते १६४३ देकार्त इथे भाडेकरू होता. त्याचं 'चिंतनं' हे पुस्तक पॅरिसमध्ये छापून झालं तेव्हा तो इथेच होता. त्या पुस्तकात, कशाकशावर संशय घेता येतो याची यादी करताना, तो वेड्यांची आठवण काढतो. आपलं डोकं मातीचं आहे, आपलं शरीर काचेचं आहे, असं मानणारे लोक. पण ते वेडे आहेत, त्यांचं काय घेऊन बसायचं, म्हणून पुढे सरकतो. नंतर कधीतरी हीच गढी मनोरुग्णालयाचा भाग झाली, आणि विसाव्या शतकात बराच काळ तशी राहिली. इतिहास कधीकधी फारच ढोबळ विनोद करतो.

राइन्सबर्ग इथून हाकेच्या अंतरावर. फुलांचं गाव आहे. काचेची हरितगृहं, लिलावाकडे जाणारे ट्रक, आणि मध्येच एका साध्या रस्त्यावर विटांचं बैठं घर. स्पिनोझा १६६१ ते १६६३ इथे राहिला. घर एका शल्यवैद्याचं. गावात एका उदारमतवादी ख्रिस्ती पंथाची माणसं होती. त्यांना पाद्री नको होता, प्रार्थनेला जमले की वाटेल त्यानं उठून बोलावं. वाळीत टाकलेल्या माणसाला खोली मिळाली ती अशांच्यात. दर्शनी भिंतीतल्या दगडावर जुन्या डच कवितेच्या ओळी आहेत. सगळी माणसं शहाणी असती आणि वर भलीही असती, तर पृथ्वी स्वर्ग झाली असती. आता ती बहुतेक नरकच आहे.

आत दोन गोष्टी बघायच्या. एक, पुस्तकं. स्पिनोझा मेल्यावर त्याच्या चीजवस्तूंची यादी झाली, तीत सुमारे १६० पुस्तकं होती. त्या यादीबरहुकूम त्याच काळातल्या प्रती शोधून कपाट पुन्हा भरलं आहे. १९४२ साली नाझींनी ते कपाट रिकामं करून जर्मनीला नेलं. युद्धानंतर पुस्तकं परत आली. ज्याला ज्यूंनी हाकललं त्याची पुस्तकं तो ज्यू म्हणून जप्त झाली. अभिप्रायवहीत १९२० सालची आइन्स्टाइनची सही आहे. पुढे १९२९ला न्यूयॉर्कच्या एका रब्बीनं तार करून विचारलं की तुम्ही देव मानता का, तेव्हा त्यानं उत्तर दिलं, मी स्पिनोझाचा देव मानतो. म्हणजे माणसांच्या नशिबात आणि कृत्यांत लक्ष घालणारा नव्हे, तर सृष्टीच्या नियमबद्धतेत दिसणारा. स्पिनोझाच्या लेखी देव आणि निसर्ग या दोन गोष्टीच नाहीत.

दुसरी गोष्ट दाजींची. काच घासायचं त्या काळच्या धाटणीचं यंत्र. ते त्याच्यापुढे इतका वेळ उभे राहिले की तिथल्या बाई चौकशीला आल्या. मग दाजींचं व्याख्यान झालं आणि मी दुभाषी. काच वाटीसारख्या धातूच्या साच्यात घासायची, आधी जाड वाळूनं, मग कुरुंदाच्या भुकटीनं, प्रत्येक खेपेला आणखी बारीक. एका टप्प्याचा एक कण जरी पुढच्या टप्प्यात राहिला तरी ओरखडा उठतो आणि मागं जावं लागतं. शेवटची झिलई म्हणजे सगळा धीराचा खेळ. बाई म्हणाल्या, काचेच्या धुळीनं त्याची फुप्फुसं गेली असं म्हणतात. दाजींनी मान हलवली. "पाणी घालून घासतात. कोरडी कोण घासेल? क्षयानं गेला असेल बिचारा." बाईंनी वाद घातला नाही.

बसमध्ये ते म्हणाले, "हे काम करणारा माणूस एक पायरी गाळून पुढं जायचा नाही." स्पिनोझाचं 'नीतिशास्त्र' मी उघडून दाखवलं. व्याख्या, गृहीतकं, विधानं, प्रत्येक विधानाला आधीच्या विधानांचा आधार. त्यांनी दोन पानं चाळली. "बरोबर आहे. आधी जाड वाळू."

या घराबद्दल एक गोष्ट मात्र संग्रहालयातल्यापेक्षा मला कितीतरी मोठी वाटते. स्पिनोझाबरोबर इथे योहान्नेस कासेआरिउस नावाचा तरुण विद्यार्थी राहायचा. त्याला शिकवताना स्पिनोझानं देकार्तचं तत्त्वज्ञान भूमितीच्या मांडणीत घातलं, आणि १६६३ साली त्याचंच पुस्तक झालं. हयातीत स्वतःच्या नावानं प्रसिद्ध झालेलं त्याचं हे एकमेव पुस्तक. एका मित्रानं पत्रात हेवा केला, काय भाग्यवान पोरगा, तुमच्याच घरात राहतो! स्पिनोझानं उत्तर लिहिलं ते वाचून कोणत्याही मास्तराला बरं वाटेल. हेवा करू नका, मला त्याच्याइतका त्रास कोणाचा नाही, तो अजून पोरकट आहे, सत्यापेक्षा नावीन्याच्या मागे धावतो. माझी खरी मतं त्याला कळू देऊ नका, असंही बजावलंय. पण वय वाढेल तसा सुधारेल, अशी आशाही आहे.

सुधारला. तो पाद्री झाला आणि डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत कोचीनला पोचला. तिथे डच अधिकारी फान रेडे मलबारच्या वनस्पतींचा महाग्रंथ करत होता, 'होर्तुस मलाबारिकुस'. त्याच्या सुरुवातीच्या भागाचं लॅटिन लेखन या कासेआरिउसनं केलं. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युदन हा केरळी वैद्य होता, आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट हे तीन कोंकणी ब्राह्मण, ज्यांच्या समाजाचं मूळ गोव्यातलं. त्यांचं १६७५ सालचं प्रमाणपत्र नागरी लिपीत, कोंकणीत, त्या ग्रंथात जसंच्या तसं छापलंय. पहिला खंड १६७८ला ॲमस्टरडॅममध्ये निघाला. म्हणजे राइन्सबर्गच्या खोलीत स्पिनोझाला वैताग आणणारा पोरगा काही वर्षांनी कोंकणी पंडितांशी झाडपाल्यावर चर्चा करत बसला होता. 'कासेआरिया' ही झाडांची प्रजाती त्याच्या नावानं आहे आणि तिची झाडं आपल्या सह्याद्रीतही आहेत. स्पिनोझाच्या नावाचं झाड माझ्या ऐकिवात नाही.

गुरुवार : फोरबर्ग आणि द हेग

फोरबर्ग स्टेशनाला खेटूनच हॉफवाइक आहे. पाण्यानं वेढलेलं छोटं चौकोनी घर, हायगेन्स कुटुंबाचं. क्रिस्तिआन हायगेन्स म्हणजे शनीचं कडं ओळखणारा, लंबकाचं घड्याळ करणारा. स्पिनोझा १६६३पासून याच गावात एका चित्रकाराच्या घरी भाड्यानं होता. दोघांची ओळख होती, दोघंही भिंगं घासायचे. हायगेन्स भावाला पत्रात लिहितो की फोरबर्गच्या ज्यूच्या सूक्ष्मदर्शकातल्या भिंगांची झिलई अप्रतिम असते. कौतुक खरं आहे, पण नाव घेतलं नाही. 'फोरबर्गचा ज्यू'. संग्रहालय छान आहे, बाग उत्तम राखली आहे, आणि मी तिथून जरा चिडूनच निघाले.

द हेगला ट्राम. ही या सहलीची मुख्य जागा, कारण इथे तिघांचे धागे एकत्र येतात, आणि ते येतात एका परागंदा राजघराण्याच्या पोरांमुळे. बोहेमियाचं राज्य एका हिवाळ्यात गमावलेला फ्रेडरिक आणि त्याची इंग्रज राणी १६२१ साली इथे आश्रयाला आले. त्यांना पुष्कळ मुलं. थोरली मुलगी एलिझाबेथ. १६४३च्या मे महिन्यात, चोविसाव्या वर्षी, तिनं देकार्तला पत्र लिहून एकच प्रश्न विचारला. मन जर जागा न व्यापणारी, नुसता विचार करणारी वस्तू आहे, तर ते शरीराला हलवतं कसं? ढकलायला स्पर्श लागतो, स्पर्शाला जागा लागते. देकार्तनं लांब उत्तरं दिली; तिला पटली नाहीत, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर अजून कोणालाच पटलेली नाहीत. पुढच्या पत्रात ती म्हणते की घरचे व्याप आणि टाळता न येणाऱ्या भेटीगाठी यांतून मला चिंतनाला वेळ कुठला मिळायला. ताई ट्रामच्या खिडकीतून बाहेर बघत होती. "लिहून ठेवलं ते बरं केलं तिनं," म्हणाली.

एलिझाबेथचा भाऊ कार्ल लुडविग पुढे हायडेलबर्गचा सत्ताधीश झाला. १६७३ला त्यानं स्पिनोझाला प्राध्यापकी देऊ केली. तत्त्वचिंतनाचं पूर्ण स्वातंत्र्य, फक्त प्रस्थापित धर्माला धक्का लावायचा नाही. स्पिनोझानं नम्रपणे नाही म्हटलं. त्या स्वातंत्र्याची हद्द कुठे संपते ते मला कळत नाही, असं कळवलं. आणि धाकटी बहीण सोफी, जन्म द हेगचाच, ती लायब्निझची हॅनोव्हरमधली पाठीराखी. तीन भावंडं, तीन तत्त्वज्ञ. बी.ए.च्या पुस्तकात या भावंडांवर एक ओळ नव्हती.

पाविल्यूनग्राख्त ही आता साधीसुधी गल्ली आहे. कालवा बुजलेला. ७२ क्रमांकाच्या घरात, फान डेर स्पाइक या चित्रकाराकडे, स्पिनोझानं शेवटची वर्षं काढली. समोर १८८० सालचा पुतळा, खुर्चीत बसलेला, विचारमग्न, थोडा सरकारी. कोणे एके काळी डचांच्या हजाराच्या नोटेवर याचा चेहरा होता. आयुष्यभर त्याच्या हाती जे आलं ते चिल्लरच. एका जुन्या चरित्रकारानं त्याच्या खर्चाच्या चिठ्ठ्या पाहून लिहून ठेवलंय. एका दिवशी लोणी घातलेलं दुधाचं सूप, ३ स्टायव्हर, आणि बिअर दीड स्टायव्हर. दुसऱ्या दिवशी मनुका आणि लोणी घातलेली लापशी, साडेचार स्टायव्हर. बापाच्या इस्टेटीवरून बहिणीशी कज्जा झाला, तो जिंकला, आणि घेतला फक्त आईबापांचा पलंग. बाकी सगळं बहिणीला सोडलं.

याच घरमालकानं त्याचा जीव वाचवला. २० ऑगस्ट १६७२ला फ्रेंच आक्रमणानं पिसाळलेल्या जमावानं योहान डे विट आणि त्याचा भाऊ यांना तुरुंगाच्या दारात फाडलं. डे विट हा स्वातंत्र्याला मोकळीक देणारा राज्यकर्ता. शहराच्या इतिहास संग्रहालयात एका भावाची जीभ आणि दुसऱ्याचं बोट अजून ठेवलंय. ताई त्या दालनात आली नाही. 'तुम्ही रानटीतले रानटी' असा फलक लिहून स्पिनोझा रात्री तिथे लावायला निघाला होता. घरमालकानं दाराला कुलूप घातलं. भावनांचं भूमितीसारखं विश्लेषण करणाऱ्या माणसाला त्या रात्री भावना आवरल्या नाहीत, ही हकिकत मला त्याच्या कुठल्याही सिद्धान्ताहून प्रिय आहे.

तो भित्रा नव्हता, पण सावध होता, आणि कारण होतं. त्याचा मित्र आद्रिआन कूरबाख यानं असलीच मतं लॅटिनऐवजी सरळ डचमध्ये, शिंप्या-सुतारांना कळतील अशी लिहिली. १६६९ला तो कैदेत मेला. स्पिनोझाचा धर्म आणि राज्यसंस्था यांवरचा ग्रंथ पुढच्या वर्षी निघाला तो निनावी, मुखपृष्ठावर छापखाना खोटा, गाव हॅम्बुर्ग. छापणारा होता ॲमस्टरडॅमचा रिउवर्ट्स. बायबल हे माणसांनी, वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या हेतूंनी लिहिलेलं पुस्तक आहे आणि ते इतर कोणत्याही जुन्या ग्रंथासारखं तपासावं, असं त्यात होतं. आज जगभरच्या विद्यापीठांत धर्मग्रंथ असेच वाचतात. डच भाषांतर होतंय असं कळल्यावर त्यानंच मित्राला ते थांबवायला सांगितलं. हॉलंडच्या सरकारनं १६७४च्या जुलैत ग्रंथावर बंदी घातली, आपल्याकडे रायगडावर राज्याभिषेक होऊन दीड महिना झाला होता.

२१ फेब्रुवारी १६७७ला तो गेला, चव्वेचाळिसाव्या वर्षी. हस्तलिखितं असलेलं मेज कुलपासकट बोटीनं ॲमस्टरडॅमला रिउवर्ट्सकडे गेलं, आणि वर्ष संपता संपता 'नीतिशास्त्र' छापून झालं. नावाच्या जागी नुसती आद्याक्षरं. पुरलं नव्या चर्चमध्ये, पण कबरही भाड्याची. मुदत संपल्यावर ती रिकामी केली. मागच्या अंगणात जो दगड आहे त्याच्याखाली तो असेलच असं नाही. दाजींनी चप्पल काढली, हात जोडले. मी सवयीनं फोटो काढला.

शुक्रवार : गाडीत

ॲमस्टरडॅमहून बर्लिनकडे जाणारी गाडी हॅनोव्हरवरून जाते. बाहेर सपाट हिरवं, गाई, पुन्हा सपाट हिरवं. लिहावं असं काही नव्हतं, पण वाटेत दोन गावं लागतात. आधी आमर्सफूर्ट, मग देव्हेंटर. देकार्तच्या मुलीचा, फ्रान्सिनचा, बाप्तिस्मा १६३५ साली देव्हेंटरला झाला आणि १६४० साली आमर्सफूर्टला ती लाल पुरळाच्या तापानं गेली. पाच वर्षांची होती. फ्रान्सला शिकायला पाठवायचं त्याच्या मनात होतं. त्या दोन गावांतलं अंतर आमची गाडी ताई डबा उघडेपर्यंत कापून गेली.

देकार्तचा शेवट स्वीडनमध्ये झाला. राणी क्रिस्तिनाला पहाटे पाच वाजता तत्त्वज्ञान शिकायचं होतं. जन्मभर उशिरा उठणाऱ्या माणसाला स्टॉकहोमच्या हिवाळ्यात ते झेपलं नाही. १६५०च्या फेब्रुवारीत न्यूमोनियानं गेला. तेरा वर्षांनी रोमनं त्याचे ग्रंथ बंदीच्या यादीत टाकले.

शनिवार : हॅनोव्हर

लायब्निझचं घर बॉम्बफेकीत गेलं. आता आहे ती दर्शनी भिंत १९८३ साली दुसऱ्या जागी पुन्हा बांधलेली, फारच चकाचक. कबर खरी आहे. चर्चमध्ये दगडावर एवढंच, 'लायब्निझची हाडं'. १७१६ला तो मेला तेव्हा दरबाराकडून अंत्ययात्रेला कोणी फिरकलं नाही असं सांगतात. चाळीस वर्षं त्यानं इथल्या राजघराण्याची, म्हणजे सोफीच्या सासरची, चाकरी केली. खाणींतलं पाणी उपसायला पवनचक्क्या करून बघितल्या, ग्रंथालय सांभाळलं, गुणाकार-भागाकार करणारं यंत्र बनवलं, सगळे आकडे ० आणि १ वर कसे आणता येतात ते मांडलं; या शेवटच्या गोष्टीवर आज आपला मोबाइल चालतो. मालकाला हवा होता घराण्याचा इतिहास. तो लिहीत लिहीत तो इसवी सन १००५ पर्यंत पोचला आणि वारला.

मेल्यावर राजानं त्याचे सगळे कागद ताब्यात घेतले, राजघराण्याची गुपितं असतील या भीतीनं. म्हणूनच ते टिकले. इथल्या ग्रंथालयात सुमारे २ लाख पानं आहेत, ११०० माणसांशी झालेला पत्रव्यवहार आहे, आणि १९२३ पासून त्यांचे खंड निघताहेत. अजून संपलेले नाहीत.

हेरेनहाउझेनची बाग सोफीची. मापून कापलेली झुडुपं, सरळ वाटा, प्रचंड कारंजं. ती आणि लायब्निझ इथे फिरत बोलायचे. दोन गोष्टी तंतोतंत सारख्या असूच शकत नाहीत, असं तो एकदा म्हणाला, तेव्हा एक दरबारी दोन सारखी पानं शोधायला धावला आणि बराच वेळ हिंडून रिकाम्या हातानं परतला. ताईनं लगेच दोन पानं तोडून आणली. दाजींनी चष्मा कपाळावर सरकवून ती डोळ्यांजवळ धरली आणि तिसऱ्या शिरेपाशी फरक दाखवला. सोफी १७१४च्या जूनमध्ये याच बागेत, पाऊस आला म्हणून लगबगीनं जाताना कोसळली. काही आठवडे आणखी जगती तर इंग्लंडची राणी झाली असती.

मग बाकावर बसून आमचं भांडण झालं, आणि माझ्या मनात होतं ते बाहेर आलं. १६७६च्या नोव्हेंबरात लायब्निझ मुद्दाम द हेगला जाऊन स्पिनोझाला भेटला होता. अनेकदा, तासन्‌तास. देवाच्या अस्तित्वाची सिद्धता त्याच्यासमोर कागदावर लिहून दाखवली. डे विट प्रकरणातली कुलपाची हकिकत आपल्याला माहीत आहे ती लायब्निझनं टिपून ठेवली म्हणून. आणि १७१०च्या पुस्तकात, जगातल्या दुःखाचा हिशेब लावून हे जग शक्य तेवढ्यांतलं उत्तम आहे असं सांगणाऱ्या पुस्तकात, या भेटीचा उल्लेख कसा? हॉलंडमधून जाताना स्पिनोझा भेटले, त्यांनी तेव्हाच्या घडामोडींबद्दल काही चांगले किस्से सांगितले. बस. किस्से!

"नोकरी होती ना त्याला," दाजी म्हणाले. "वाळीत टाकलेल्याशी उठबस होती हे कळलं असतं तर?"

"स्पिनोझानं नोकरी नाकारलीच की."

"त्याच्याकडं हातातलं काम होतं. काच घासून पोट भरत होतं. ज्याचं पोट दरबारावर, त्यानं काय करायचं?"

मी म्हटलं, स्पिनोझालाही मित्रांकडून सालीना पैसे यायचे, आणि मित्रानं जास्त देऊ केले तेव्हा त्यानं आकडा स्वतःहून खाली आणला. दाजी म्हणाले, तो आकडा खाली आणू शकला कारण त्याला लापशी चालायची. सगळ्यांना चालत नाही. लायब्निझनं निदान टिपून तरी ठेवलं, फाडून नाही टाकलं. यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण ते रागाचं होतं.

वाद स्टेशनपर्यंत आणि तिथून गाडीत चालू राहिला. ताईनं फलाटावर 'लायब्निझ' बिस्किटांचे पुडे घेतले होते. इथल्याच कारखान्यानं १८९१ साली गावातला प्रसिद्ध माणूस म्हणून त्याचं नाव दिलंय, आणि बिस्किटाला कडेनं ५२ दात असतात. दाजींनी खायच्या आधी मोजले, बरोबर भरले. "बघ," ते मला म्हणाले, "एक पायरी गाळलेली नाही." मी पुडा माझ्याकडे ओढला आणि हायडेलबर्गच्या पत्रापासून पुन्हा सुरुवात केली.